पहिल्या डावातलं शतक

डिसेंबरातला रविवार. ताटात मटाराच्या शेंगांचा ढीग, आणि समोर जमिनीवर बसून माझी भाची माझा जुना ड्रॉवर उपसत होती. तिला कसल्याशा प्रोजेक्टसाठी जुनी तिकिटं हवी होती. बसची, रेल्वेची, नाटकाची, काय मिळतील ती. त्यातच वानखेडेचं तिकीट निघालं. 7 नोव्हेंबर 2023, अफगाणिस्तान विरुद्ध ऑस्ट्रेलिया. कोपरा दुमडलेला, पण शाई अजून तशीच. तिने ते उजेडात धरून वाचलं आणि म्हणाली, "मावशी, ही तीच ना, मॅक्सवेलची?" मी म्हटलं, तीच. तशी खेळी पुन्हा डोळ्यांनी बघायला मिळायची नाही. "मग सांग, त्या दिवशी सेंच्युरी कोणी मारली?" "सेंच्युरी कसली गं, डबल. दोनशे एक नाबाद." "तो नाही. त्याच्या आधी. पहिल्या इनिंगला."

शेंग सोलायची हातातच राहिली.

मी तिथे होते. दुपारी दोनला पहिला चेंडू पडला तेव्हापासून शेवटच्या षटकारापर्यंत मी जागेवर होते. ऊन कसं तिरकं होत होत आमच्या रांगेवरून सरकलं ते मला आठवत होतं. मरीन लाइन्सकडे जाणाऱ्या लोकलचा खडखडाट, तळहाताला लागलेलं वडापावच्या कागदाचं तेल, पाण्यासाठी लागलेली लांबलचक रांग. पुढच्या रांगेतला, खांद्यावर काळा-लाल-हिरवा झेंडा घेतलेला एक मुलगा आठवत होता. पॅट कमिन्सने 68 चेंडू खेळून काढलेल्या 12 धावासुद्धा तोंडपाठ होत्या. पण त्या दुपारी पन्नासच्या पन्नास षटकं माझ्या डोळ्यांसमोर बॅट घेऊन उभा असलेला माणूस? त्याचं नाव जिभेवर येईना. भाचीने वाट पाहिली आणि मग सांगितलं, "इब्राहिम झादरान. नाबाद 129, 143 चेंडूंत. वर्ल्ड कपमधली अफगाणिस्तानची पहिली सेंच्युरी." तेव्हा ती बारा वर्षांची होती, दुसऱ्या दिवशी पेपर होता म्हणून तिला नेलं नव्हतं. तिने तो डाव घरी टीव्हीवर पाहिला होता. आवाज बंद ठेवून, पुस्तक मांडीवर घेऊन. मी मैदानात होते, आणि लक्षात तिच्या राहिलं होतं.

त्या रात्री मला झोप लागेना. एखाद्याच्या घरी पोटभर जेवून यावं आणि वाढणारीचा चेहरा आठवू नये, तसं काहीतरी वाटत राहिलं. शेवटी उठून मोबाइलवर तो पहिला डाव लावला. आणि लक्षात आलं की हे मी तेव्हाही पाहिलं होतं, फक्त जपून ठेवलं नव्हतं. उजव्या हाताचा, शिडशिडीत, जेमतेम एकवीस वर्षांचा मुलगा. समोर स्टार्क, हेझलवूड, कमिन्स, झॅम्पा. चेंडू अगदी डोळ्यांखाली येईपर्यंत थांबतो, हात शरीराजवळ ठेवतो, जो सोडायचा तो मागे न बघता सोडून देतो. झॅम्पा आला की पाय पुढे, मान खाली, चेंडू मऊ हातांनी मोकळ्या जागेत, आणि एक धाव. मग पुन्हा तेच. पलीकडचे येतात, वीस-पंचवीस-तीस करतात, जातात. हा गार्ड घेतो, खेळपट्टीवर बॅटने दोनदा ठोकतो आणि उभा राहतो. आपल्याकडे अशा फलंदाजीला एक हक्काचा शब्द आहे: खडूस. दादर-माटुंग्याच्या मैदानांवर ज्यांनी क्रिकेट पाहिलंय त्यांना हा शब्द शिवी वाटत नाही. विकेट फेकायची नाही, समोरच्याने घेऊन दाखवावी. खोस्तच्या डोंगरातून आलेला हा मुलगा मुंबईच्या मैदानावर मुंबईचंच क्रिकेट खेळत होता. आदल्या दिवशी सचिन तेंडुलकर त्यांच्या संघाला भेटायला आला होता. मी सचिनसारखी बॅटिंग करणार, असं इब्राहिम सामन्याआधी म्हणाला होता म्हणे. शतकानंतर त्याने स्वतःच हे सांगितलं. स्टेडियममध्ये सचिनचा पुतळा उभा राहून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. एकवीस वर्षांच्या मुलाने असं बोलून दाखवायचं आणि मग पन्नास षटकं नाबाद राहून ते निभावायचं, याला छाती लागते.

शेवटी रशीद खान आला आणि त्याने 18 चेंडूंत 35 केल्या. त्यातले षटकार मला लख्ख आठवतात. मैदान तेव्हा खरं जागं झालं. 5 बाद 291. त्याआधीच्या तीनेक तासांच्या कामाला आम्ही टाळ्या दिल्या होत्या, नाही असं नाही, पण त्या सभ्य टाळ्या होत्या.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. 91 वर 7. अजमतुल्ला ओमरझाईने वॉर्नर आणि इंग्लिसला लागोपाठच्या चेंडूंवर काढलं, तेव्हा आमचा अख्खा स्टँड अफगाणिस्तानचा झाला होता. आणि मग मॅक्सवेल 33 वर असताना नूर अहमदच्या चेंडूवर झेल उडाला. शॉर्ट फाइन लेगला मुजीब. सोपा झेल. सुटला. आता लिहिताना जड जातंय, पण त्या क्षणी मी उभी राहून ओरडले, आणि ते ओरडणं दुःखाचं नव्हतं. काहीतरी विलक्षण घडणार याची चाहूल लागली होती आणि आम्हा हजारोंना ते बघायचं होतं. मैदान असंच पक्ष बदलतं. तासाभरात आम्ही सगळे त्या पायात गोळे आलेल्या, जागेवरून हलू न शकणाऱ्या माणसासाठी घसा फोडत होतो. त्यालाही नावं ठेवता येणार नाहीत, ती खेळी होतीच तशी. पण मुजीबही झादरानच, इब्राहिमच्याच गोतावळ्यातला. हे मला परवा रात्री कळलं, आणि तो सुटलेला झेल माझ्यासाठी निराळाच झाला. रात्री हॉटेलवर परतताना बसमध्ये ते दोघे शेजारी बसले असतील का, काही बोलले असतील का, हाच विचार कितीतरी वेळ मनात होता.

मग मी वाचत सुटले. जुने सामने, धावफलक, मुलाखतींचे तुकडे. इब्राहिमचा जन्म 12 डिसेंबर 2001 चा. तारीख वाचून मी थबकले. त्याच महिन्यात कंदाहार पडलं, तालिबानची पहिली राजवट संपली आणि काबूलमध्ये नवं सरकार आलं. त्याच वर्षी अफगाणिस्तानला आयसीसीचं सदस्यत्व मिळालं, तेही सगळ्यात खालच्या पायरीचं. म्हणजे त्याच्या देशाचं क्रिकेट आणि तो एकाच वयाचे. त्याच्या आधीच्या पिढीने पेशावरच्या निर्वासितांच्या छावण्यांत बॅट हातात धरली. त्याच्या घरातच त्या पिढीतला एक सलामीवीर होता, नूर अली झादरान. 2010 च्या टी-20 विश्वचषकात अफगाणिस्तान पहिल्यांदा भारताशी खेळलं, त्या दिवशी सेंट ल्युशियात पन्नास करणारा. इब्राहिम तेव्हा आठ वर्षांचा. पोराच्या बॅटिंगमध्ये एवढं बूड कुठून आलं याचं उत्तर थोडंफार तरी मला तिथे मिळालं. घरात कोणीतरी आधी पडून-धडपडून, रस्ता मळून ठेवलेला असतो.

सोळाव्या वर्षी तो न्यूझीलंडमध्ये 19 वर्षांखालील विश्वचषक खेळला. उपांत्यपूर्व फेरीत यजमानांना 202 धावांनी हरवलं, त्यात सलामीला इब्राहिमच्या 68 आणि रहमानुल्ला गुरबाझच्या 69. ही जोडी तेव्हापासूनची. एक आग, दुसरा अंगार. सतराव्या वर्षी चट्टोग्रामला बांगलादेशविरुद्ध पहिली कसोटी, दुसऱ्या डावात 87, आणि अफगाणिस्तान जिंकलं. दोन महिन्यांनी लखनौत पहिली वनडे. लखनौ, देहरादून, ग्रेटर नोएडा, शारजा ही त्यांची 'घरची' मैदानं! स्वतःच्या देशात, आईबापांसमोर, शाळेतल्या मित्रांसमोर एकही आंतरराष्ट्रीय सामना नाही. घरच्या प्रेक्षकांचा आवाज म्हणजे काय, हे वानखेडेवर वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. हा मुलगा त्या आवाजाशिवाय मोठा झाला.

या सगळ्या वाचनात मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ती कोलंबोच्या एका सकाळी. 2 फेब्रुवारी 2024. श्रीलंकेविरुद्धची एकुलती एक कसोटी. सामन्याआधी मैदानावर संघ गोल करून उभा आहे आणि मध्ये नूर अली. वय 35. पंधरा वर्षं देशासाठी खेळला, पण देशाला कसोटीचा दर्जा मिळाला तेव्हा उशीर झाला होता. आज पहिल्यांदा कसोटी खेळणार. आणि त्याच्या हातात कसोटीची टोपी द्यायला पुढे येतो तो इब्राहिम, ज्याला बॅट कशी धरायची हे त्यांच्याच घरात बघून कळलं असेल. आपल्या घरांत मोठ्यांनी धाकट्याच्या डोक्यावर काहीतरी ठेवायचं असतं. शाल असो, टोपी असो, नाहीतर नुसता हात. इथे उलट झालं होतं. मग ती दोघं सलामीला एकत्र उतरली. दुसऱ्या डावात नूर अलीच्या 47, इब्राहिमच्या 114. घरातली दोन माणसं बावीस यार्डांच्या दोन टोकांना, एकमेकांना धाव घ्यायला बोलावतायत. माझे बाबा आणि काका रविवारी गल्लीत टेनिस बॉलने खेळायचे तेव्हा "ये", "थांब", "नको नको" असं ओरडायचे, ते मला ऐकू यायला लागलं.

ती कसोटी अफगाणिस्तान दहा गड्यांनी हरलं.

असं बरेचदा झालंय. 2022 च्या नोव्हेंबरात पल्लेकेलेला त्याने 162 केल्या, तेव्हा अफगाणिस्तानकडून तेवढ्या वनडेत कोणीच केल्या नव्हत्या. श्रीलंकेने दोन चेंडू राखून सामना नेला. मग वानखेडे. मग कोलंबो. त्याची जिंकून दिलेली शतकंही आहेत. चट्टोग्रामला गुरबाझबरोबर 256 ची सलामी दिली तेव्हाचं आहे, हरारेचं आहे. पण सर्वांत मोठी, सर्वांत घाम गाळलेली शतकं धावफलकाच्या हरलेल्या बाजूला बसली होती. हे क्रिकेट खेळलेल्या कोणालाही विचारा, हरलेल्या सामन्यातलं शतक घरी नेताना जड होतं. कोणी अभिनंदन केलं तरी कसं घ्यावं कळत नाही.

त्याच विश्वचषकात, वानखेडेच्या दोन आठवडे आधी, चेन्नईत त्यांनी पाकिस्तानला हरवलं. 283 चं लक्ष्य, इब्राहिमच्या 87, सामनावीर तोच. हातात माइक आल्यावर त्याने हा पुरस्कार पाकिस्तानातून परत अफगाणिस्तानात धाडल्या जाणाऱ्या लोकांना अर्पण केला. पाकिस्तानने कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना 1 नोव्हेंबरपर्यंतची मुदत दिली होती, त्यात बहुतेक अफगाणच. गाद्या, भांडी, कोंबड्या ट्रकवर बांधून तोरखमच्या सीमेकडे निघालेली कुटुंबं आपण बातम्यांत पाहिली. कित्येक पोरं तर तिकडेच जन्मलेली, 'परत' जायचं म्हणजे कधीच न पाहिलेल्या जागी जायचं. तो एकच वाक्य बोलला. पण त्या व्यासपीठावरून, त्या संघाविरुद्ध जिंकल्यावर, ते एक वाक्य बोलायला मला 87 धावांपेक्षा जास्त धीर लागला असेल असं वाटतं.

आता थोडं लाहोरबद्दल. त्याआधी 2024 च्या जूनमध्ये किंग्जटाउनला त्यांनी ऑस्ट्रेलियाला टी-20 विश्वचषकात हरवलं होतं. इब्राहिम आणि गुरबाझची 118 ची सलामी, आणि मॅक्सवेल 59 वर असताना त्याचा झेल घेतला तो नूर अहमदने, ज्याच्या चेंडूवर वानखेडेला झेल सुटला होता. भाचीने मला तो झेल पाच वेळा दाखवला. पुढे सप्टेंबरात ग्रेटर नोएडाला, एकही चेंडू न पडता पाण्यात गेलेल्या त्या कसोटीआधीच्या सरावात, इब्राहिमचा घोटा दुखावला. शस्त्रक्रिया झाली. कित्येक महिने क्रिकेट नाही. परत आला तो थेट चॅम्पियन्स ट्रॉफीत, आणि 26 फेब्रुवारी 2025 ला लाहोरमध्ये इंग्लंडविरुद्ध 3 बाद 37 अशी पडझड झालेली असताना खेळपट्टीवर उभा राहिला. 146 चेंडूंत 177. चारच दिवसांपूर्वी त्याच मैदानावर बेन डकेटने 165 करून स्पर्धेचा विक्रम केला होता, तो डकेट समोर क्षेत्ररक्षणाला असताना याने तो मोडला. ओमरझाईने पाच बळी घेतले, सामना आठ धावांनी जिंकला. तो डाव पाहताना मला सारखी वानखेडेची दुपार दिसत होती. तेच थांबणं, तेच मऊ हात. फक्त शेवटी हात जरा जास्त मोकळे सुटलेले. मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून टाळ्या वाजवल्या. सामना होऊन कितीतरी महिने झाले होते तरी.

पण हे सगळं भाचीबरोबर बघताना एक प्रश्न येणारच होता, आणि तो आला. ती आता नववीत आहे. तिची किटबॅग आमच्या दारात आडवी पडलेली असते, रोज कोणीतरी तिला अडखळतं. 2025 च्या नोव्हेंबरात हरमनप्रीतच्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, त्या रात्री ही पोर गल्लीत दोन वाजेपर्यंत ओरडत होती. तिने विचारलं, "मावशी, त्यांच्या मुलींची टीम कुठे आहे?" मी सांगितलं. 2020 मध्ये पंचवीस मुलींना करार मिळाले होते. 2021 च्या ऑगस्टमध्ये तालिबान परत आलं आणि ते सगळं संपलं. बहुतेक जणी ऑस्ट्रेलियात गेल्या. 2025 च्या जानेवारीत मेलबर्नमध्ये त्या पहिल्यांदा एकत्र एक सामना खेळल्या, पण देशाचा अधिकृत संघ म्हणून नाही. आणि तुझ्या वयाच्या मुली? "सहावीच्या पुढे शाळाच नाही," मी म्हटलं. ती काही बोलली नाही. बॅगेची चेन लावली-काढली, लावली-काढली.

लाहोरच्या त्या सामन्यावर बहिष्कार टाका असं ब्रिटनमधल्या दीडशेहून जास्त खासदारांनी म्हटलं होतं, ते याच कारणासाठी. मला त्यांचं म्हणणं समजतं. त्या मुलींच्या जागी माझी भाची ठेवली तर माझाही संताप होतो. आणि तरीही तो सामना झाला नसता तर काबूलच्या, खोस्तच्या रस्त्यांवर त्या रात्री लोक नाचले ते नाचले नसते, हेही दिसतं. बोलायची किंमत मोजायला लागेल अशा जागी कुटुंब असलेल्या पोरांकडून मी इथे सोफ्यावर बसून किती मागू? रशीद आणि त्याच्याच संघातला मोहम्मद नबी, मुलींचं वैद्यकीय शिक्षण बंद झालं तेव्हा उघड बोलले, त्याचं मोल मला फार वाटतं. पण त्या 177 धावांचा आनंद माझ्या मनात पूर्ण पसरत नाही. एका जागी जाऊन अडतो. ती जागा मी बुजवू शकत नाही, आणि बुजवायचीही नाही. कारण तिथे त्या पंचवीस जणी उभ्या आहेत.

परवा आम्ही दोघींनी वानखेडेचा तो डाव पुन्हा लावला. भाचीला शतकाच्या क्षणी प्रेक्षकांत मी दिसते का ते शोधायचं होतं. धाव पूर्ण झाली, त्याने हेल्मेट काढलं, बॅट वर केली. कॅमेरा स्टँडवरून फिरला, आम्ही कुठे दिसलो नाही. पण पडद्यावर कुठेतरी तो काळा-लाल-हिरवा झेंडा फडकला, आणि त्यासरशी मला ते आठवलं, जे इतके दिवस आठवत नव्हतं.

पुढच्या रांगेतला तो मुलगा वळला होता. पुण्याला शिकत होता, एवढं मघाशीच बोलण्यात आलं होतं. डोळे भरलेले, आणि हसत होता. जॅकेटच्या खिशात हात घालून त्याने मूठभर बेदाणे काढले, लांबट, हिरवे, आपल्या तासगावच्यापेक्षा बारीक, आणि आमच्या रांगेत सगळ्यांच्या हातावर थोडे थोडे ठेवले. माझ्याही. पेढे वाटावेत तसे. चारी बाजूंनी गोंगाट होता, म्हणून वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "दीदी, इब्राहिम. झादरान. हमारे खोस्त का है."

मी मान हलवली होती. बेदाणे तोंडात टाकले होते. गोड होते, आणि खिशातल्या उबेने जरा मऊ झालेले.